हिरड्यांतलं रक्त आणि हृदयाचा बिघडलेला ताल

(एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना आलेले 'अं अं' आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

कुणी लोकलमध्ये लटकून ऐकत असेल, कुणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून. आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. दात घासणं आणि हृदयाचे ठोके. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. पण गेल्या दिवाळीत घरी एक गोष्ट घडली आणि त्यानंतर दोन महिने मी याच विषयावर वाचत बसलो होतो. वाचून मी एक चूकही केली, तीसुद्धा सांगणार आहे.

कराडचं बेसिन

दिवाळीला कराडला गेलो होतो. सकाळी दात घासायला बेसिनपाशी गेलो तर पांढऱ्या बेसिनमध्ये लालसर ओघळ. बाबांच्या नंतर मीच गेलो होतो. वर त्यांचा ब्रश कोरडा ठणठणीत, शेजारी मंजनाची डबी. विचारलं तर म्हणाले, "अरे, ब्रश लावला की रक्त येतं. म्हणून बोटानंच घासतो हल्ली. त्यानंही येतंच थोडं."

माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशन निघालं. आपण त्याला एएफ म्हणू. तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. मी सहज विचारलं, "बाबा, गोळी घेताय ना रोज?" तर आईच बोलली. "रोज कुठली? एक दिवसाआड घेतायत. रक्त येतं म्हणून."

मला त्या वेळी एवढंच माहीत होतं की ही गोळी चुकवायची नसते. का चुकवायची नसते, ते नीट माहीत नव्हतं. तिथूनच सुरुवात करू.

एएफ म्हणजे नेमकं काय

शाळेत शिकलेलं आठवा. हृदयाला चार कप्पे. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. हा हृदयाचा क्लॉक. तिथून विजेचा एक सिग्नल निघतो, दोन्ही अलिंदांत पसरतो, ते आकुंचन पावतात. मग सिग्नल मधल्या एव्ही नोडवर क्षणभर थांबतो आणि खाली निलयांत जातो. ते आकुंचन पावले की रक्त शरीरभर. हा झाला एक ठोका.

एएफमध्ये या क्लॉकचं कुणी ऐकतच नाही. अलिंदांत ठिकठिकाणी स्वतंत्र सिग्नल फिरायला लागतात, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा. इतक्या वेगात अलिंद आकुंचन पावू शकत नाही, ते नुसतं थरथरतं. एव्ही नोड हे सगळे सिग्नल खाली जाऊ देत नाही, नाहीतर माणूस जागेवरच जाईल. आमच्या भाषेत सांगायचं तर तो रेट लिमिटर आहे. पण जे सिग्नल सुटतात ते कसेही सुटतात. म्हणून नाडी बघितली तर तिला कसलाच ठेका नसतो. दोन ठोके जवळ, मग मोठी गॅप, मग तीन भराभर.

काहींना छातीत धडधड होते, दम लागतो, थकवा येतो. काहींना काहीच कळत नाही. बाबांचं असंच झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तेव्हा सापडलं.

खरा धोका पुढे आहे. अलिंद नुसतं थरथरत असलं की आतलं रक्त नीट पुढे ढकललं जात नाही, साचतं. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवीसारखी जागा असते, तिथे तर फारच साचतं. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघाताचा झटका. एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण पाचपट असतो. म्हणून ती रक्त पातळ करणारी गोळी. तिचा काम ठोके सुधारणं हा नाहीच, तिचं काम गुठळी होऊ न देणं. आणि बाबांना जी गोळी दिली आहे तिचा असर साधारण दिवसभरात उतरतो. म्हणजे एक दिवसाआड घेतली तर मधला दिवस उघडाच.

हिरड्यांचं काय होतं

आता तोंडाकडे येऊ. ब्रश केल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर जमायला लागतो, त्याला प्लाक म्हणतात. तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. हेच ते कीटण. कीटण ब्रशने निघत नाही, डेंटिस्टच काढतो. या थरामुळे हिरड्या सुजतात, लाल होतात, ब्रश लागला की रक्त येतं.

१९६५ मध्ये हेराल्ड लो या शास्त्रज्ञानं डेन्मार्कमध्ये एक सोपा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं, तर साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. म्हणजे या टप्प्यावर मामला पूर्ण परत फिरवता येतो.

पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की सूज खाली उतरते. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजायला लागतं, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. याला पेरिओडोंटायटिस म्हणतात. डेंटिस्ट खुणा केलेली एक बारीक सळई घालून ही खाच मोजतात. १ ते ३ मिलीमीटर ठीक, ४ किंवा जास्त असेल तर गडबड. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. दात किडला की रात्री झोप उडते. हिरडी मात्र शांतपणे जाते.

सगळ्या दातांभोवतीच्या या सुजलेल्या खाचांचा पृष्ठभाग एकत्र पसरला तर? आजार गंभीर असेल तर तो ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरेल असा एक अंदाज आहे. हाताच्या तळव्यावर एवढी उघडी जखम असती तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

तोंडातून हृदयात कसं पोचतं?

संशोधक दोन रस्ते सांगतात.

पहिला, सूज. हिरड्यांत सतत लढाई चालू असल्यानं शरीर इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं रक्तात सोडतं, सीआरपी वाढतं. ही सूज फक्त तोंडापुरती राहत नाही.

दुसरा, जंतू स्वतः. हिरडी आजारी असेल तर चावताना, ब्रश करतानाही थोडे जंतू रक्तात शिरतात. बहुतेक लगेच मारले जातात, पण काही चिवट असतात. पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस हा त्यातला बदनाम जंतू.

दोन्ही रस्ते एका शब्दापाशी येतात, फायब्रोसिस. म्हणजे अलिंदाच्या स्नायूत व्रणासारखे कडक धागे तयार होणं. निरोगी स्नायूतून सिग्नल सपाट रस्त्यासारखा जातो. मध्ये व्रण आला की त्याला वळसा घालावा लागतो, कुठे हळू, कुठे अडत. तो गोल फिरून परत त्याच जागी आला की लूप झाला. एएफ टिकून राहायला अशीच जमीन लागते.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात एएफ नसलेल्या ५,९५८ लोकांच्या हिरड्या तपासल्या आणि त्यांच्यावर १७ वर्षं लक्ष ठेवलं. ७५४ जणांना एएफ झालं. हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्यांत, वय वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करूनही, धोका ३१ टक्के जास्त निघाला. नेमाने डेंटिस्टकडे जाणाऱ्यांत १२ टक्के कमी.

दक्षिण कोरियात १,६१,२८६ लोकांचा दहा वर्षांहून अधिक काळचा डेटा पाहिला. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा दात घासणाऱ्यांत एएफचा धोका १० टक्के कमी. ऐकायला भारी वाटतं. पण त्या काळात एकूण ३ टक्के लोकांनाच एएफ झालं होतं. ३ चे १० टक्के कमी म्हणजे शंभरात ३ ऐवजी २.७. बातमीच्या मथळ्यात हे दुसरं गणित कधी येत नाही.

यापुढचं काम मुख्यतः जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठातलं आहे, शुनसुके मियाउची आणि सहकाऱ्यांचं. त्यांनी तीन पायऱ्या चढल्या.

पहिली, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये ७६ रुग्णांच्या डाव्या अलिंदाची ती पिशवी काढली गेली होती. यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि हिरड्यांच्या तपासणीशी ताडली. हिरड्या जितक्या खराब, तितका अलिंदात फायब्रोसिस जास्त.

दुसरी, २०२४ मध्ये. एएफसाठी ॲब्लेशन केलेले २८८ रुग्ण. ॲब्लेशन म्हणजे नळी घालून चुकीचे सिग्नल देणारी जागा निकामी करणं. त्यातल्या ९७ जणांनी नंतरच्या तीन महिन्यांत हिरड्यांवर उपचार करून घेतले. दोन वर्षांपर्यंत पाहिलं तर एकूण साधारण २४ टक्के लोकांत एएफ परत आलं. पण उपचार घेतलेल्यांत ते परत येण्याची शक्यता ६१ टक्के कमी होती.

तिसरी, २०२५ मध्ये. उंदरांच्या दातात पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस सोडला. १८ आठवड्यांनी तोच जंतू त्यांच्या डाव्या अलिंदात सापडला. चाचणीत ३० टक्के उंदरांचा ठेका बिघडला. जंतू न दिलेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. माणसांच्या अलिंदातल्या नमुन्यांतही हा जंतू मिळाला, आणि हिरड्यांचा आजार गंभीर असलेल्यांत जास्त मिळाला.

आणि इथे मी माती खाल्ली

हे सगळं वाचून मी जोशात बाबांना फोन लावला. "बाबा, सापडलं! तुमच्या हिरड्यांमुळेच होतंय हे. दात साफ करून घ्या, हृदयाला फरक पडेल."

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "असं होय? म्हणजे दात साफ केले की ती गोळी बंद करायला हरकत नाही?"

माझ्या पोटात गोळा आला. मी एका दमात त्यांना नेमकं चुकीचं कारण देऊन बसलो होतो.

प्रॉडक्शनवर इश्यू आला की आपण लॉग उघडतो. सर्व्हर पडायच्या आधी दर वेळी एकच वॉर्निंग दिसते. फ्रेशर असलो तर ओरडतो, "हेच कारण!" सीनियर विचारतो, ही वॉर्निंग क्रॅश घडवते, की दोन्हींच्या मागे तिसरंच काही आहे? मेमरी संपली की वॉर्निंगही येते आणि क्रॅशही होतो. वॉर्निंग दाबून टाकलीस तर क्रॅश थांबणार आहे का?

इथेही तसंच. वय वाढलं की हिरड्या बिघडतात आणि एएफही वाढतं. मधुमेहाचं तेच, तंबाखूचं तेच. दिवसातून तीनदा दात घासणारा माणूस बहुधा चालायलाही जातो, बीपीही तपासतो. संशोधक हे सगळं आकडेमोडीत वजा करतात, पण जे मोजलंच नाही ते वजा कसं करणार? हिरोशिमाच्या त्या २८८ जणांतही कुणी उपचार घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, रुग्णांनी स्वतः ठरवलं. जो डेंटिस्टकडे जातो तो गोळ्याही वेळेवर घेत असेल. उंदरांचा प्रयोग जास्त ठोस, कारण तिथे जंतू मुद्दाम सोडला. पण उंदीर तो उंदीर.

म्हणून प्रामाणिक वाक्य एवढंच. हिरड्यांचा आजार आणि एएफ यांचा संबंध आहे, तो कसा असू शकतो याचे धागेही सापडले आहेत, पण दात साफ केल्याने एएफ टळतं किंवा बरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. आणि हिरड्यांचा उपचार हा गोळीचा पर्याय तर मुळीच नाही.

मी परत फोन लावला. "बाबा, मी चुकीचं बोललो. गोळी वेगळी, दात वेगळे. दोन्ही करायचं." ते म्हणाले, "तुझं एक काय ते ठरव बाबा."

दुष्टचक्र

पुढच्या शनिवारी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे, मग डेंटिस्टकडे. तिथे जे कळलं ते मला कुठल्याच पेपरमध्ये इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं.

गोळीमुळे हिरड्यांतून रक्त येत नव्हतं. हिरड्या आधीच सुजलेल्या होत्या, गोळीमुळे ते रक्त लवकर थांबत नव्हतं, म्हणून दिसायला लागलं. बाबांनी रक्ताला घाबरून ब्रश सोडला. ब्रश सोडल्यावर कीटण वाढलं, सूज वाढली, रक्त आणखी वाढलं. मग त्यांनी गोळीलाच दोषी धरलं आणि ती कमी केली. हिरड्यांपासून सुरू झालेली गोष्ट पक्षाघाताच्या धोक्यापर्यंत पोचली, आणि त्यासाठी कुठलाही जंतू हृदयात जायची गरज पडली नाही. बाबांच्या बाबतीत हिरड्या आणि हृदय यांना जोडणारा सगळ्यात पक्का दुवा हाच होता.

दुसरी गोष्ट. शेजारच्या काकांनी बाबांना सांगितलं होतं, "दाताचं काही करायचं तर आठ दिवस आधी गोळी बंद करायची असते." साध्या स्केलिंगसाठी सहसा गोळी बंद करावी लागत नाही, आणि करायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून ठरवतात. बाबांची गोळी बंद केली नाही. दोन-तीन बैठकांत थोडं थोडं साफ केलं, रक्त आलं, कापूस दाबून धरला, थांबलं.

आता तुमच्यासाठी

तुम्ही पंचविशीत आहात, एएफ बहुधा तुम्हाला नाही. पण आई-बाबांकडे, आजीकडे बघा. आमची आजी मशेरी लावायची, "हिरड्या घट्ट राहतात" म्हणायची. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचे दात साठीच्या आत गेले. सिगारेटचीही एक गंमत आहे, ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे आत आजार वाढतोय आणि बाहेर सगळं ठीक दिसतंय.

घरी गेलात की तीन कामं करा.

एक, घरच्यांची नाडी बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेवा, पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके किती, यापेक्षा ठेका सारखा आहे का ते पाहा. अजिबात पॅटर्न नसेल तर ईसीजी काढून घ्या. स्मार्टवॉच असेल तर उपयोग होतो, पण त्यालाच निदान समजू नका. ॲपल वॉचवर झालेल्या मोठ्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. अनियमित नाडीची सूचना आल्यावर ज्यांनी छातीला पॅच लावून पुन्हा तपासणी केली, त्यातल्या ३४ टक्क्यांत तेव्हा एएफ दिसलं. एएफ येत-जात राहतं, म्हणून पुढची तपासणी लागतेच.

दोन, कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर शांतपणे विचारा, रोज घेताय ना? नसतील घेत तर ओरडू नका, कारण विचारा. आमच्याकडे कारण बेसिनमध्ये होतं.

तीन, स्वतःच्या हिरड्या. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, दातांच्या फटीतही सफाई. रक्त येतंय म्हणून ती जागा टाळू नका, तिथेच हळुवार घासायचं असतं. आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही तर डेंटिस्ट गाठा. हृदयाला फायदा होवो न होवो, दात तरी राहतील, आणि हे मात्र नक्की सिद्ध झालेलं आहे.

आणि एक लक्षात ठेवा. घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. तिथे मिनिटं मोजली जातात.

बाबा आता रोज गोळी घेतात. आई कॅलेंडरवर खूण करते. एएफ आहे तसंच आहे, ते दातांमुळे गेलं नाही, जाईल असं मी आता म्हणतही नाही. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला बेसिन दाखवलं. पांढरंशुभ्र. म्हणाले, "हे बघ, तुझ्या त्या जपान्याला सांग."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत एक मिनिट काढा आणि आज रात्री घरी फोन करा.